घराची कागदपत्रं परत आली

गेल्या मंगळवारी बँकेतून आमच्या घराची कागदपत्रं सोडवून आणली. सोबत कर्ज फिटल्याचा, म्हणजे नो ड्यूजचा दाखला आणि उताऱ्यावरचा बोजा कमी करण्याचं पत्र. बाबांनी चष्मा लावून खरेदीखताचं पानन्‌पान तपासलं, पिशवीत घातलं, आणि घरी विट्याला पोचेपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. ही कागदपत्रं २०११ साली बँकेत गेली होती, माझ्या डिझाइनच्या पदवीच्या कर्जासाठी. तेव्हा मी १८ वर्षांची होते. आता ३३.

त्याच संध्याकाळी चुलत दादाचा फोन. त्याच्या मुलीला पुण्यातल्या एका खासगी डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळतोय, वर्षाला साडेचार लाख फी, शुक्रवारच्या आत पहिला हप्ता भरायचाय. मागून तिचा आवाज आला, "आत्या, तूपण हेच शिकलीस ना? सांग ना बाबांना!" मला फोनवर धड काही बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. तिच्यासाठी, आणि या दिवसांत तिच्यासारखीच घाई झालेल्या सगळ्या घरांसाठी.

आधी आकडे, कारण मला ते कुणीच सांगितले नव्हते. फी वर्षाला ३ लाख, म्हणजे चार वर्षांचे १२ लाख. आमच्या डोक्यात कर्ज १२ लाखांचंच होतं. पण शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. ११ टक्क्यांनी ३ लाखांवर वर्षाला ३३ हजार. पहिल्या वर्षाच्या फीवर पाच वर्षं, दुसऱ्या वर्षाच्या फीवर चार, असं करत, पदवीनंतरच्या सवलतीच्या वर्षासकट ४ लाख ६२ हजार व्याज साठलं आणि मुद्दलात मिळवलं गेलं. हप्ते सुरू झाले ते १६ लाख ६२ हजारांवर. दहा वर्षं, महिना साधारण २२,९००. पहिल्या हप्त्यातले १५ हजारांहून जास्त नुसते व्याजाचे. माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका स्टुडिओत होती, पगार २२,०००.

म्हणजे पगारापेक्षा हप्ता मोठा. बाबा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक. ते १२ हजार भरायचे, उरलेले मी. राहणं-खाणं भागवायला रात्री लग्नपत्रिका, बिल्डरांची ब्रोशर, दुकानांचे लोगो. आयकरात तेव्हा या व्याजाची वजावट मिळायची. पण आधी कर लागण्याएवढा पगार तर हवा. व्याज सगळ्यात जास्त जात होतं त्या वर्षांत मला करच लागत नव्हता.

दोन-तीन वर्षांनी पगार वाढला, मी ॲपच्या स्क्रीन करायच्या कामात गेले, आणि तिथे पैसे बरे आहेत. त्यामुळे 'पदवी करून नोकरी मिळत नाही' असं मी म्हणणार नाही. मिळते. पण मी डिझाइनला गेले ती अक्षरांसाठी. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला 'अ' श्रेणी आली तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं, या पोरीचा हात अक्षरात आहे. पुढे कळलं की विंडोजवर आपण ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये मराठी वाचत आलो, तो र. कृ. जोशी नावाच्या माणसाने घडवलाय, ते मुंबईच्या जे.जे. या सरकारी कला महाविद्यालयात शिकले होते आणि आयआयटी मुंबईत आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायचे. देवनागरी अक्षर बनवणं हे माणसाचं आयुष्यभराचं काम असू शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा समजलं. मला तेच करायचं होतं.

२०१८ मध्ये ती संधी दारात आली. मुंबईत एका ज्येष्ठ अक्षररचनाकारांकडे एक वर्ष बसून काम शिकायचं, मानधन महिना १२,०००. मी रात्रभर कागदावर हिशेब मांडला. बारा हजारांत मुंबईत कसंबसं राहता आलं असतं, पण हप्त्यातला माझा वाटा कुठून आणणार होते? सकाळी फोन करून नाही म्हटलं.

ती जागा माझ्याच मैत्रिणीने घेतली. इंटरमिजिएटच्या परीक्षेला माझ्या शेजारच्या बाकावर होती ती. बारावीनंतर तिने कला संचालनालयाची सीईटी दिली आणि जे.जे.ला अप्लाइड आर्टला गेली. मी ती परीक्षा दिलीच नाही, कारण तिची तयारी करायची असते हेच माहीत नव्हतं आणि खासगी कॉलेजचं माहितीपत्रक आधी घरी आलं होतं. तिची फी वर्षाला काही हजारांत होती. तिच्या घरची परिस्थिती आमच्याहून बरी नव्हती. पण २५व्या वर्षी ती बारा हजारांवर जगू शकत होती, मी नाही. ते एक वर्ष तिने मोडी लिपीतली जुनी बाडं आणि छापखान्यातले अक्षरांचे जुने खिळे बघण्यात घालवलं. आज ती देवनागरी फॉन्ट करते. तिचं काम बघून मला मनापासून आनंद होतो, आणि पोटात तुटतंही. दोन्ही खरं आहे.

मला वाटतं, कलेच्या शिक्षणाची किंमत मोजताना आपण इथेच चुकतो. 'एवढे पैसे वसूल होतील का?' असं विचारतो. माझे झाले वसूल. १२ लाखांचे साडेसत्तावीस लाख फेडूनही मी उभी आहे. पण कलेतल्या माणसाला पदवीनंतरची पाच-सहा वर्षं कमी पैशात चुका करत फिरायला मोकळी लागतात. हात तिथे तयार होतो. माझी ती वर्षं पदवीच्या आधीच गहाण पडली होती, घरासोबत.

कॉलेजने काहीच दिलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. टायपोग्राफीचे एक सर होते. त्यांनी तीन आठवडे फक्त 'अ' काढून घेतला, कटनिबने, ब्रशने, शेवटी डोळे मिटून. माझं आजचं जे काही आहे ते त्या तीन आठवड्यांतलं. पण ते आमच्याकडे पाहुणे शिक्षक म्हणून यायचे, आणि तोच अभ्यास सरकारी कॉलेजातही घ्यायचे. आमची फी काचेच्या इमारतीत, एसी लॅबमध्ये आणि परदेश सहलीत जात होती.

ज्यांच्या घरी कर्ज न काढता फी भरता येते, त्यांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांनी अभ्यासक्रम आणि शिक्षक बघावेत. पुढे प्राध्यापकी किंवा परदेशी शिक्षण करायचं तर पदवीचा कागद लागतोच. एरवी दहा वर्षांत मला कुणी तो मागितला नाही, पोर्टफोलिओच मागितला. आणि सरकारी म्हणजे स्वस्त असंही डोळे झाकून धरू नका. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची फी आता लाखांत आहे, २०२३ मध्ये जे.जे.लाही अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा चालू वर्षाची फी स्वतः बघा.

दादाला मी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं. कॉलेजला सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आकडा विचारू नको, गेल्या बॅचमध्ये पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार विचार. त्यांना सांगता आला नाही तर तेही उत्तरच समज. कर्ज काढायचंच झालं तर पहिल्या महिन्यापासून निदान व्याज भरत जा. आमच्या वेळी पहिल्या वर्षी ते महिना पावणेतीन हजार पडलं असतं. आणि पोरीला एक वर्ष दे. सीईटीची नीट तयारी करू दे. अठराव्या वर्षी गेलेलं एक वर्ष फार मोठं नसतं. रविवारी मी येते, तिची सगळी ड्रॉइंग्ज काढून ठेव म्हणावं.

२०२१-२२ च्या संपात बाबांचा पगार कित्येक महिने बंद होता, तेव्हा सगळे हप्ते मी एकटीने भरले. त्या काळात बाबा एकदा म्हणाले होते, "तुला शिकवून तुलाच बांधून घातली गं आम्ही." त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी मला शिकवायला घर लावलं, याहून जास्त कोणता बाप काय करतो?

मंगळवारी त्यांनी कागदपत्रं आईच्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवली, कुलूप लावलं आणि मला विचारलं, "आता त्या हप्त्याच्या पैशाचं काय करणार?"

मी ऑफिसात आठवड्याचे तीनच दिवस काम मागितलंय. पगार जवळपास निम्मा होईल. शनिवारपासून मोडीचा वर्ग सुरू होतोय, कालच बोरू आणि शाई आणली.