एकीत दोन, दोनांत तीन

गेल्या वर्षी स्टेंट बसला तेव्हापासून आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या एलडीएलची, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलची, विचारपूस जास्त होते. रोज रात्री रोसुव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉलची गोळी घेऊनही ते १०२. डॉक्टरांना हवं ७०च्या आत, जमलं तर ५५च्या.

"काका, तूप खाता?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून बायकोचं उत्तर आलं, "लपून."

त्या दिवसापासून घरातली तुपाची बरणी नाहीशी झाली.

डॉक्टरांनी कागदावर माझं पोट काढलं. ते भरल्या वांग्यासारखं दिसत होतं. कोलेस्टेरॉल बरंचसं लिव्हरच बनवतं, स्टॅटिन त्या भट्टीची आच कमी करतं. जेवणातलं आणि पित्तातून आलेलं आतडं पुन्हा शोषून घेतं, तिथे इझेटिमाइब हे दुसरं औषध आडवं येतं. म्हणजे वर्षभर मी कोरडा वरणभात गिळत होतो आणि लिव्हर आत स्वतःची पंगत मांडून बसलं होतं! घरचाच भेदी.

"मग जुन्याचाच डोस दुप्पट करा की," मी म्हणालो.

"दुप्पट केला तरी आणखी सहाएक टक्केच उतरतं. इझेटिमाइब जोडलं तर वीसेक."

स्टॅटिनला इझेटिमाइबची जोड दिल्यावर हार्ट अटॅक काहीसे कमी झाले, असं अठरा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात २०१५ साली दिसलं म्हणे. त्यातला 'काहीसे' हिने ऐकलाच नाही.

दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळाली. घोळ तिथेच झाला. वारांच्या डबीत रात्रीच्या खणात मला दोन गोळ्या दिसायच्या. डॉक्टर दोन औषधं म्हणाले होते, हिशेब जुळत होता, मी निमूट गिळत होतो. आठवड्याने पोटऱ्या दुखायला लागल्या. गोळ्यांमुळे की लिफ्ट बंद होती म्हणून, देव जाणे. पण मी जुनी स्ट्रिप उजेडात धरली. केमिस्टने कात्रीने अशी कापलेली की नावातलं फक्त '...टिन १०' शिल्लक. नव्या गोळीत दोन, वर ही जुनी तिसरी!

"अगं, ही बंद करायची होती!"

"अहो, इतक्या उरल्या होत्या. टाकायच्या कशा?"

फोनवर डॉक्टर हसले. आठवड्याने बिघडत नाही म्हणाले, जुनी मात्र आजपासून बंद. हिने त्या गोळ्या रबरबँड लावून माळ्यावरच्या डब्यात ठेवायला दिल्या. स्टुलावर मीच चढलो.

डब्यामागे बरणी होती.