व्हीए की आयपीएस: ‘निरीक्षक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘निरीक्षक’ या नावाने लिहिणारे महाशय, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, शब्दही न बदलता ठेवली आहे. बाकीच्या वाचकांसाठी: व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी टीव्हीच्या पॅनलचे, म्हणजे पडद्याचे, दोन प्रकार; आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचा पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते. साधारण एकाच किमतीच्या दोन ५५ इंची टीव्हींची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “हसावं की रडावं कळेना. व्हीए पॅनलचं कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या चौपट असतं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तरी हॉलसाठी आयपीएस सुचवणं म्हणजे लोकांचे पंचेचाळीस हजार पाण्यात घालणं. कोणत्या दुकानदाराचं मीठ खाल्लंय?” पुढे किमती, गेमिंग आणि मॉडेलची नावं यांवरून आणखी तक्रारी आहेत.

आधी त्या मिठाचं बघू. या ब्लॉगवर जाहिरात नाही, खरेदीची लिंक नाही, कुणी पाठवलेला टीव्ही मी तपासून परत केला असंही कधी झालेलं नाही. ट्यूबवाले टीव्ही उघडून दुरुस्त करायचे त्या काळापासून मी हे काम करतो आहे, आणि त्याच जोरावर लिहितो. मतभेद असेल तर मुद्दा खोडा. माणसाच्या हेतूवर घसरायची गरज काय? त्याहून मला लागलं ते वेगळंच. लेखाखाली एका वाचक ताईंनी साधा प्रश्न विचारला होता: सासूबाई खिडकीजवळच्या दिवाणावर पडून मालिका बघतात, मुलं जमिनीवर बसतात, कोणता टीव्ही घेऊ? त्यांना तुम्ही उत्तर दिलंत, “असले लेख वाचू नका, डोळे मिटून व्हीए घ्या.” अहो, त्यांनी दिवाण कुठे आहे ते सांगितलं होतं. तुम्ही ते वाचलंसुद्धा नाहीत.

आता चौपटीचा मुद्दा. आकडा खोटा नाही. मध्यम किमतीच्या आयपीएस पॅनलचं कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास असतं, व्हीएचं चार हजारास एक सहज निघतं. पांढरा रंग ३०० निट (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) असेल तर आयपीएसवरचा काळा ०.३ निट आणि व्हीएवरचा ०.०७५ निट. दिवे मालवलेल्या खोलीत हा फरक कुणालाही दिसेल. आयपीएसवर सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतात, कोपऱ्यांत उजेड झिरपल्यासारखा वाटतो. म्हणूनच रात्री दिवे बंद करून समोरासमोर बसून सिनेमे बघणाऱ्यांना मी त्याच लेखात व्हीएवाला, फुल-अरे लोकल डिमिंगचा, म्हणजे पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद करणारा टीव्ही सुचवला होता. लेखाचा तो अर्धा भाग तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

पण हा चौपटीचा आकडा अंधाऱ्या खोलीत, पडद्याच्या अगदी समोरून मोजलेला असतो. दुपारी तीन वाजता, खिडक्या उघड्या असताना पडद्यावर २०० लक्स (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो असं धरा, आणि त्यातला दोन टक्के पडदा पसरवून परत फेकतो असं धरा. त्यातून जवळजवळ १.३ निटचा धूसर थर तयार होतो आणि तो दोन्ही टीव्हींवर सारखाच चढतो. आयपीएसचा काळा झाला १.६ निट, व्हीएचा १.४ च्या जरा खाली. भागाकार करून बघा: एकीकडे साधारण १९० ला एक, दुसरीकडे २२० ला एक. चौपट कुठे गेलं? उजेडाच्या खोलीत काळा रंग पॅनलपेक्षा खिडकी ठरवते. तिथे पैसे घालायचे तर जास्त निट देणाऱ्या बॅकलाइटवर, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांवर, आणि प्रतिबिंब कमी पाडणाऱ्या पडद्यावर घालावेत.

तुमच्या हॉलचा उजेड मोजायला मोबाइलमधलं लक्स मीटरचं ॲप अंदाजापुरतं पुरतं. टीव्ही जिथे लागणार त्या भिंतीला मोबाइलची पाठ लावा, स्क्रीन खोलीकडे, आणि ज्या वेळी घरात टीव्ही खरोखर चालू असतो त्या वेळचा आकडा घ्या. ५० च्या आत असेल तर तुमचं म्हणणं बरोबर ठरण्याची शक्यता मोठी. २०० च्या वर असेल तर तो ‘चौपट’ शब्द विसरा.

हे झालं उजेडाचं. कोनाचं त्याहून महत्त्वाचं आहे, आणि इथे गणित फारसं लागत नाही, फक्त टेप लागते. टीव्हीच्या मध्यापासून खोलीत सरळ एक रेषा धरा. माणूस त्या रेषेपासून किती फूट बाजूला बसतो ते मोजा, आणि टीव्हीच्या भिंतीपासून किती फूट पुढे बसतो ते मोजा. बाजूचे फूट भागिले पुढचे फूट. ०.३६ आलं तर २० अंश, ०.५८ आलं तर ३० अंश, ०.८४ आलं तर ४० अंश, १ आलं तर ४५. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये टीव्ही आखूड भिंतीवर मधोमध असेल आणि दिवाण बाजूच्या भिंतीला लागून सहा फुटांवर, तर दिवाणावरचं डोकं साधारण साडेचार फूट बाजूला येतं. साडेचार भागिले सहा म्हणजे ०.७५, सुमारे ३७ अंश. त्या कोनातून व्हीए पॅनलवर काळा रंग उजळतो, साड्यांचे गडद रंग उडतात, चेहऱ्यांचा गहूवर्ण पावडर लावल्यासारखा फिका पडतो. समोरून मिळणारी चौपट तिथवर पोचतच नाही. आयपीएसवर त्याच कोनातून रंग जवळपास तसेच राहतात. व्हीएवर कोन सुधारणारा जादा थर लावलेले टीव्ही मिळतात, पण ते बहुधा या किमतीच्या वर असतात, आणि तो थर समोरचं कॉन्ट्रास्ट थोडं खातोच.

म्हणून माझा ठोकताळा असा: घरातल्या नेहमीच्या प्रत्येक जागेचा भागाकार काढा. सगळे ०.४ च्या आत असतील तर व्हीए. रोज वापरातली एकही जागा ०.६ च्या वर असेल आणि टीव्ही बहुतेक उजेडात चालत असेल तर आयपीएस. मधल्या पट्ट्यात असाल तर दुकानात जाऊन त्याच कोनात उभं राहून बघा. जाताना पेन ड्राइव्हवर माणसांचे चेहरे असलेली एखादी क्लिप न्या. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणायला सांगा, नाहीतर दुकानाच्या दिव्यांखाली सगळेच टीव्ही एकसारखे भडक दिसतात.

एक गोष्ट मान्य करतो, टीव्ही किती उंचावर लावायचा हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. तो विषय जास्त जागा मागतो. टीव्हीचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर असेल, आणि जेवताना माणसं सहा फुटांवर जमिनीवर बसली असतील, तर डोळे अडीच फुटांवर येतात. फरक अडीच फूट, भागिले सहा, म्हणजे २२-२३ अंश, तेही खालून. व्हीए उभ्या कोनातही फिका पडतो. उपाय स्वस्त आहे: खाली झुकणारं टिल्ट ब्रॅकेट घ्या, १० ते १५ अंश झुकवा, किंवा मध्य साडेतीन फुटांवर आणा. टीव्हीसोबत येणारं ब्रॅकेट बरेचदा झुकत नाही, आणि भिंतीला भोकं पडल्यावर ते लक्षात येतं.

बाकीच्या आक्षेपांवर फार वेळ घालवत नाही. किमती जुन्या नाहीत. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि लेखातल्या किमती त्यानंतरच्या आहेत. गेमिंग हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

क्रिकेटवरून मात्र तुम्ही जाता जाता टोमणा मारलात, “आयपीएसवर बॉल दिसणार तरी का?” तो सोडवत नाही, कारण त्यामुळे लोक भलत्याच गोष्टीवर पैसे घालतील. बॉल धक्के खात सरकतो याचं नेहमीचं कारण पॅनलचा प्रकार नसतो. आपलं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचं, आणि टीव्हीमधलं ॲप किंवा टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक पुष्कळदा ६० हर्ट्झवर अडकलेली असते. सेकंदाला ५० चित्रं ६० घरांत बसवायची म्हणजे दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा अडखळ. कॅमेरा सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूमागे फिरतो तेव्हा ते डोळ्यांना खुपतं. सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये १०८०आय ५० ठेवा. गूगल टीव्हीवर ‘डिस्प्ले अँड साउंड’मध्ये ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ चालू करा; ॲपने साथ दिली तर अडखळ जाते. आणि ओढल्यासारखी काळी छाया पाठीमागे राहण्याचा दोष उलट स्वस्त व्हीएमध्येच जास्त, कारण त्याचे पिक्सेल काळ्यातून गडद राखाडीत यायला वेळ घेतात. रात्रीच्या सामन्यात अंधाऱ्या स्टँडवरून कॅमेरा फिरवला की ते दिसतं.

मॉडेलची नावं ‘दडवली’ हा आरोप मला सगळ्यांत अन्यायाचा वाटतो. एकाच मॉडेल मालिकेत ४३ इंचीत एक पॅनल आणि ५० इंचीत दुसरं असं सर्रास असतं. एका नावाखाली ठोक शिफारस केली असती तर ५० इंची घेणारा फसला असता, आणि तेव्हाही तुम्ही मलाच जाब विचारला असता. डब्यावर पॅनलचा प्रकार बहुधा लिहिलेला नसतो, आणि लिहिला तर नावं वेगळी असतात: एडीएस हे आयपीएसच्या जातीचं, एचव्हीए हे व्हीएच्या. खात्री करायची तर टीव्हीवर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने पडद्याचा अगदी जवळून फोटो काढा. लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या बाणाच्या टोकासारख्या वाकलेल्या दिसल्या तर आयपीएस किंवा एडीएस. सरळ उभ्या, आत तुकडे पडलेल्या आयतासारख्या दिसल्या तर व्हीए. हा फोटो टीव्ही टेबलावर उभा असतानाच काढा, फिटरने ड्रिल हातात घ्यायच्या आधी. त्याच पांढऱ्या चित्रावर चारही कडा आणि कोपरे बघून घ्या, कारण वाहतुकीत दबलेलं पॅनल भिंतीवर चढल्यावर बदलून घेणं फार जड जातं.

त्या ताईंना मी वेगळं उत्तर दिलं आहे: दिवाणाचं आणि जमिनीवरच्या जागेचं माप टेपने घेऊन मला कळवा, मग ठरवू. तुम्हालाही तुमच्या हॉलचे तेच दोन भागाकार आणि दुपारचा लक्सचा आकडा लिहायचा असेल तर जरूर लिहा. मीठ खाल्ल्याचं वाक्य त्यात पुन्हा दिसलं तर मात्र प्रतिक्रिया छापणार नाही.