खुलासा : न्यूबेरी आणि ‘जगातलं पहिलं बालपुस्तक’

‘जॉन न्यूबेरी यांनी १७४४ मध्ये जगातलं पहिलं बालपुस्तक लिहिलं, म्हणून ब्रिटिश सरकार त्यांच्या नावाने पदक देतं,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. वर्ष तेवढं बरोबर.

त्याआधी चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्येच आलं होतं. न्यूबेरींच्या लंडनमध्येही थॉमस बोरमन १७४० पासून मुलांसाठी तळहाताएवढी पुस्तकं विकत होते.

न्यूबेरी मुख्यतः प्रकाशक आणि पुस्तकविक्रेते. काही मजकूर त्यांनी स्वतः लिहिला असावा, पण पुस्तकांवर लेखकाचं नाव बहुधा नसे. त्यांचं खरं कसब विक्रीत. १७४४ चं ते पुस्तक, ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’, नुसतं घेतलं तर सहा पेन्स. सोबत मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची गादी हवी तर आठ. वस्तूची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. शिवाय ते डॉ. जेम्स यांची तापाची पूडही विकत. त्यांनीच काढलेल्या ‘गुडी टू-शूज’ या बालकथेत (१७६५) नायिकेचे वडील तापाने दगावतात ते नेमकी हीच पूड न मिळाल्यामुळे! जाहिरात कथेत घुसवायची कला काही आजची नव्हे.

आणि बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक अमेरिकेचं. ते ग्रंथपालांची संघटना, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, १९२२ पासून देते. ब्रिटिश सरकारचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.