एसएसडी वाचवायला निघालेली यादी आणि धोक्यात आलेला डेटा

लिनक्सवर एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) बसवली की लगेच करायच्या कामांची एक यादी वर्षानुवर्षे फिरते आहे. स्वॉप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करा, ईएक्सटी4 या फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची नोंदवही) काढून टाका, लॉग (यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी) रॅममध्ये हलवा, माउंटच्या (डिस्क जोडून घेण्याच्या) पर्यायांत ‘नोएटाइम’ आणि ‘डिस्कार्ड’ लिहा, शेड्युलर (डिस्ककडे जाणाऱ्या कामांचा क्रम ठरवणारा भाग) ‘नूप’ ठेवा. नाहीतर सतत लिहून ड्राइव्ह दोन-तीन वर्षांत संपेल. नव्याने लिनक्सकडे वळलेली माणसं ही यादी विश्वासाने, ओळीमागून ओळ पाळतात. म्हणूनच तिचा प्रतिवाद करायला हवा, कारण तिच्यातल्या काही ओळी माणसाचा डेटा घालवू शकतात.

आधी ती भीतीच तपासू. 500 जीबीच्या साधारण टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हला उत्पादक बहुधा 300 टीबी लेखनाची हमी देतात. रोज 20 जीबी लिहिलं, तर वर्षाला 7.3 टीबी होतं आणि त्या हमीपर्यंत पोचायला 41 वर्षं लागतात. रोजचं लेखन तिप्पट केलं तरी तेरा वर्षांहून अधिक. जर्नल, लॉग, स्वॉप, ब्राउझरची कॅश हे सगळं या हिशेबात आलंच, कारण मोजलं जातं ते संगणकाने ड्राइव्हकडे पाठवलेलं एकूण लेखन. अंदाजावरही विसंबायला नको. ड्राइव्हची तब्येत सांगणारा स्मार्टसीटीएल हा आदेश चालवा. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीचा) ड्राइव्ह असेल तर ‘डेटा युनिट्स रिटन’ ही ओळ दिसेल. एक युनिट म्हणजे 5,12,000 बाइट, म्हणजे 2 कोटी युनिट झाले तर 10.24 टीबी. शेजारीच ‘पर्सेंटेज यूज्ड’, म्हणजे ड्राइव्हचं किती टक्के आयुष्य वापरलं गेलं ते, असतं. तो आकडा पाहिल्याशिवाय लेखन कमी करायचे उपाय शोधण्यात अर्थ नाही.

आता यादीतली सगळ्यात वाईट सूचना: जर्नल काढणे. ईएक्सटी4 मूळ मांडणीत फाइलींचा मजकूर जर्नलमध्ये लिहीतच नाही. तिथे जातो तो फक्त मेटाडेटा, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे, कोणते ब्लॉक कोणाचे, ही नोंद. वाचणारं लेखन थोडं, आणि त्याची किंमत मात्र मोठी. ऐन लेखनात वीज गेली किंवा यंत्र गोठलं, तर जर्नल असलेली फाइल सिस्टीम पुढच्या बूटला अर्धवट राहिलेल्या नोंदी लावून घेते आणि काही क्षणांत उभी राहते. जर्नल नसेल तर पूर्ण तपासणी करावी लागते, आणि ती करूनही काही फाइली हरवलेल्या किंवा ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये बेनाव पडलेल्या सापडू शकतात. कमिटचा, म्हणजे बदल डिस्कवर पक्के करण्याचा, अवधी 5 सेकंदांवरून 600 करा, ही याच सूचनेची सौम्य वाटणारी बहीण. तिच्यापायी वीज जाताच शेवटच्या दहा मिनिटांपर्यंतचं काम जाऊ शकतं. थोडंसं लेखन वाचवण्यासाठी असा सौदा कोणालाही सुचवू नये, नवख्याला तर नाहीच.

स्वॉप बंद करण्यामागे कल्पना अशी की मग सगळं रॅममध्येच राहील. प्रत्यक्षात रॅम भरत आली की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काहीतरी बाहेर काढावंच लागतं. स्वॉप नसेल तर प्रोग्रॅमांचा पडून राहिलेला डेटा तो हलवू शकत नाही, म्हणून चालत्या प्रोग्रॅमांचे कोड असलेली पानं टाकून देतो आणि तीच पुन्हापुन्हा डिस्कवरून वाचतो. यंत्र अडकतं, आणि शेवटी कर्नल एखादी प्रोसेस मारून टाकतो. हायबरनेशनही (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून यंत्र बंद करणं) हातचं जातं. लेखनाची धास्ती असेलच तर झेडरॅम वापरा: तो रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॉप असतो आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने तो 2020 मध्ये आवृत्ती 33 पासून मूळ मांडणीतच घेतला.

लॉग रॅममध्ये ठेवले तर यंत्र कोसळल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, ते नाहीसे झालेले असतात. ‘नोएटाइम’ने, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याने, नुकसान नाही, पण फायदाही नगण्य, कारण 2009 मधल्या 2.6.30 कर्नलपासून ‘रिलेटाइम’ (ती वेळ मोजक्याच वेळा नोंदवणारा पर्याय) आपोआप लागू आहे. आणि ‘नूप’ शेड्युलर तर 2019 मधल्या 5.0 कर्नलमधून जुन्या ब्लॉक थरासोबत (डिस्ककडे कामं पाठवणाऱ्या भागासोबत) गेलाच. ही ओळ आजही जशीच्या तशी पुढे पाठवली जाते, यावरून यादी शेवटची कधी तपासली गेली असेल ते कळतं.

‘डिस्कार्ड’बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण त्यामागचा हेतू खरा आहे. फाइल पुसली तरी ड्राइव्हला ते कळत नाही. ट्रिम या आदेशाने (लिनक्समध्ये त्यालाच डिस्कार्ड म्हणतात) कळवलं नाही, तर अंतर्गत साफसफाई करताना तो मेलेला डेटाही जपून इकडून तिकडे हलवत बसतो आणि ती झीज खरी असते. प्रश्न एवढाच की दर वेळी पुसताक्षणी कळवायचं का. जुन्या साटा (एनव्हीएमईच्या आधीच्या जोडणीच्या) ड्राइव्हमध्ये ट्रिमचा आदेश रांगेत बसत नसे, आधीची सगळी रांग संपेपर्यंत काम थांबे. साटा 3.1 ने रांगेतला ट्रिम आणला, पण काही ड्राइव्हमध्ये तो इतका सदोष निघाला की कर्नलला त्यांची वेगळी यादीच ठेवावी लागली. रिकाम्या जागा ड्राइव्हला एकदम कळवणारा, आठवड्यातून एकदा चालणारा एफएसट्रिम टायमर पुरेसा आहे. उबंटू आणि फेडोरात तो आधीच सुरू असतो, आर्च या वितरणात आपण सुरू करायचा. बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमची गोष्ट वेगळी: तिथे 6.2 कर्नलपासून सावकाश, मागाहून होणारा डिस्कार्ड आपोआप चालतो.

आणि जे खरोखर तपासायला हवं, ते या यादीत नाहीच. डिस्क लक्स या लिनक्समधल्या पद्धतीने कूटबद्ध केली असेल, तर मूळ मांडणीत ट्रिम त्या थरापाशीच अडतो. टायमर दर आठवड्याला चालतो आणि ड्राइव्हपर्यंत काहीच पोचत नाही. डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलके या आदेशाला डिस्कार्डचे रकाने दाखवायला सांगा. तिथे शून्य असेल तर वाट बंद आहे. क्रिप्टटॅब या फाइलमध्ये (तिथे कूटबद्ध डिस्कच्या नोंदी असतात) त्या नोंदीपुढे ‘डिस्कार्ड’ लिहिलं आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टीम) पुन्हा तयार केलं की ती उघडते. ही वाट मुद्दाम बंद ठेवलेली असते, कारण ट्रिम झाल्यावर डिस्कचा कोणता भाग रिकामा आहे हे बाहेरून दिसू शकतं. लॅपटॉप चोरीला जाण्याच्या भीतीने कूटबद्ध केलं असेल, तर माझ्या मते हे चालण्यासारखं आहे. डिस्क किती भरली आहे हेही ज्याला लपवायचं आहे, त्याने वाट बंदच ठेवावी. एलव्हीएममधला (डिस्कचे लवचिक भाग पाडणाऱ्या साधनातला) ‘इश्यू डिस्कार्ड्स’ हा पर्याय मात्र यासाठी नसतो. तो लॉजिकल व्हॉल्यूम (असा पाडलेला भाग) काढताना किंवा लहान करतानाच लागू होतो. यूएसबीच्या डबीत बसवलेल्या एसएसडीवरही हेच रकाने बघा, कारण कित्येक डब्या ट्रिम पुढे पाठवत नाहीत.

ड्राइव्ह अचानक मरण्याचं कारण लेखनाबाहेरही असू शकतं. 2019 मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने काही एसएएस (सर्व्हरमधल्या जोडणीच्या) एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअरमधल्या (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे 32,768 तास चालल्यावर, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी, ड्राइव्ह बंद पडणार आणि डेटाही परत मिळणार नाही. कितीही कमी लिहून ते टळलं नसतं. नवं फर्मवेअर हाच उपाय होता. एफडब्ल्यूअपडी हे साधन अनेक उत्पादकांचं फर्मवेअर लिनक्समधूनच तपासतं आणि बसवतं. तुमचा ड्राइव्ह तिथे सापडला नाही, तर उत्पादकाने बूट होणारी आयएसओ फाइल दिली आहे का ते पाहा, आणि बॅकअप घेतल्यावरच ते फर्मवेअर चढवा.