अकरा वाजता हाजी अलीला पाणीच असणार!

नमस्कार. तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या माझ्या लेखावर विसंबून तुम्ही पौर्णिमेच्या रविवारी मुलांना घेऊन अकरा वाजता हाजी अलीला गेलात, तर खडक सोडाच, दर्ग्याची वाटही पाण्याखाली. दुपारी चारला शिवडी गाठलीत तर नुसता चिखल आणि वास, फ्लेमिंगो म्हणजे लांबवर गुलाबी रेघ. 'असल्या रम्य कल्पना लिहिण्यापेक्षा लोकांना सरळ अलिबागला जा म्हणून सांगा,' असं तुम्ही सुनावलंय.

सुनावलंत ते योग्यच. खडकांवर काय दिसतं यावर मी चार परिच्छेद खर्च केले आणि पाण्याच्या वेळेबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. चूक माझी.

आमच्या आजीचं गणित सोपं होतं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तिथी पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही अगदी भर भरतीत पोचलात, तेही उधाणाच्या! भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघावंच. पण कॅलेंडरवरून रविवार निवडायला हे गणित पुरतं. या हिशेबाने अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते, मुलांना सोयीची. पण ते भांगाचं, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीचं पाणी, फारसं मागे हटतच नाही. द्वितीया-तृतीया धरा. उधाणाचा जोर टिकलेला असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान. तासभर आधी उतरायचं, पाणी वळलं की माघारी फिरायचं. पायात पकड असलेले बूट हवेत, शेवाळ दयामाया करत नाही. आणि पावसाळ्यात हा नाद करूच नये.

मग हाजी अलीच्या त्याच खडकांवर हिरवट बटणांची चटई अंथरल्यासारखे झोअँथिड (प्रवाळांचे नातलग असलेले चिमुकले जीव) दिसतील, डबक्यांत समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे प्राणी), खेकडे, आणि हो, प्रवाळसुद्धा. कोस्टल रोडच्या कामापायी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. 'रम्य कल्पना' कोणी उचलून लावत नाही हो!

शिवडीचं गणित मात्र उलटं. पूर्ण ओहोटीत पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत जातात, पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि ते उठून दुसरीकडे जातात. पाणी चढत असताना मधल्या वेळी उभं राहिलात तर ते पाणीच त्यांना धक्क्याकडे ढकलत आणतं. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत केव्हाही जा. वासाबद्दल माझा इलाज नाही. त्या चिखलातलं शेवाळ हेच त्यांचं जेवण, आणि अंगावरचा गुलाबी रंगही त्याच जेवणातून येतो.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडणार. मुलांनी बाटलीत भरून आणलेले शंख दोन दिवसांत कुजके वास मारू लागले, अशी तक्रार तुम्ही माझ्याकडे केलीत. शंख कुजत नाही. आत संन्यासी खेकडा, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, राहत असणार, तो मेला. शंख उचलावा, तळहातावर ठेवून थोडा वेळ थांबावं, पाय बाहेर आले की मुलांना दाखवावं आणि होता तिथेच ठेवावं. रिकामा वाटला तरी ठेवावा, पुढच्या भाडेकरूला लागतो.

राहता राहिलं अलिबाग. जरूर जा. पण कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर तिथंही ओहोटीच लागते, तेव्हा तिथी बघूनच निघा.