डॉक्टर नसलेला आरोग्यमंत्री

मार्च २०२१ मधल्या एका रविवारी जालन्याहून मला इथे अमेरिकेत मित्राचा फोन आला. "तुमच्याकडं डॉक्टर संपले का रे? आरोग्य खात्यावर वकील बसवताय म्हणे."

म्हटलं, "मग तुमचे टोपे कुठे डॉक्टर आहेत?"

महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे त्याच्याच जिल्ह्यातले. तो क्षणभर थबकला, मग म्हणाला, "साहेबांचं वेगळं आहे."

ते वेगळं काय, हाच तर प्रश्न आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी आरोग्य आणि मानवसेवा खात्यासाठी हावियर बेसेरा यांचं नाव पुढे केलं होतं. बेसेरा चोवीस वर्षं अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात होते, २०१७ पासून आमच्या कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, होते. त्या आधीच्या बुधवारी, ३ मार्चला, मंत्र्यांच्या नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या अर्थ समितीत त्यांच्या नावावर १४ विरुद्ध १४ अशी मतं पडली. मग प्रश्न पूर्ण सिनेटपुढे जाणार होता. मी ग्रीन कार्डवाला, मला इथे मत नाही. तरी माझा पाठिंबा त्यांनाच होता.

विरोधी रिपब्लिकन पक्षाचं पालुपद एकच: कोरोनाच्या महामारीत देशात पाच लाखांवर माणसं गेली आणि तुम्ही वकील आणताय? ऐकायला बिनतोड वाटतं. पण याच पक्षाने २०१८ मध्ये याच खात्यासाठी ॲलेक्स एझार यांना मंजुरी दिली, तेही वकीलच, शिवाय औषध कंपनीतून आलेले. त्यांच्या आधीचे टॉम प्राइस मात्र खरेखुरे अस्थिशल्यविशारद. सरकारी खर्चाने खासगी विमानं उडवली म्हणून आठ महिन्यांत घरी गेले.

या खात्यात डॉक्टरांचा दुष्काळ नाही. साथरोगांवर लक्ष ठेवणारी सीडीसी, औषधांना परवानगी देणारी एफडीए, वैद्यकीय संशोधनाची एनआयएच, सगळं याच छपराखाली. सीडीसीच्या तेव्हाच्या प्रमुख वॉलेन्स्की तर साथरोगांच्याच तज्ज्ञ. (बेसेरांच्या घरातही डॉक्टर आहे, त्यांच्या पत्नी.) वरच्या खुर्चीला लागतो तो पैसा कुठे अडकतो, कोण अडवतो हे कळणारा आणि त्यासाठी भांडणारा माणूस.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मुलाचा हात मोडला. दवाखाना विम्याच्या यादीतला, सर्जन यादीतले, मी निर्धास्त. तीन महिन्यांनी १,८४० डॉलरचं बिल आलं. भूल देणारे डॉक्टर म्हणे यादीबाहेरचे! आता ऑपरेशनच्या टेबलावर त्यांचं ओळखपत्र तपासायचं होतं का? असल्या बिलांवर बंदी घालणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला, २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाला. पण तेव्हा त्याचे नियम याच खात्याच्या पुढाकाराने लिहिले जायचे होते. विमा कंपन्या आणि दवाखाने दोघंही आपापल्या वकिलांची फौज घेऊन येणार होते. तिथे समोर कोण बसलेला हवा? सटर हेल्थ या बड्या रुग्णालय साखळीने स्पर्धा मारून दर चढे ठेवले, या आरोपावरून बेसेरांनी कोर्टात खेचलं आणि ५७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. ओबामांचा आरोग्य विमा कायदा वाचवायला वीसेक राज्यांची मोट बांधून सुप्रीम कोर्टात उभे राहिले तेही हेच. त्याचा निकाल तेव्हा अजून यायचा होता.

सगळंच पटतं असं नाही. सिनेटमधल्या सुनावणीत रिपब्लिकन सिनेटर रॉम्नी यांनी गर्भपाताबद्दल नेमकं विचारलं, तर बेसेरांनी गोल गोल उत्तर दिलं. मतं वेगळी असतात, खोलवर रुजलेली असतात वगैरे. आपल्या बाजूचं ठामपणे सांगायला काय हरकत होती? पण ते उत्तर मी घरबसल्या पाहिलं, हेही खरं.

आपल्याकडे भारतात असली सुनावणीच नाही; संध्याकाळी शपथविधी, रात्री खातेवाटप. चर्चा कसली, तर मलईदार खातं कुणाला मिळालं याची. आरोग्य खातं सहसा त्यात नसतंच, उरलेल्यांत टाकून मोकळे होतात. तुमचा अनुभव काय, दवाखान्यांच्या दराचं काय करणार, हे खुर्चीत बसण्याआधी कुणीच विचारत नाही.

आणि डॉक्टर असणं ही हमी नव्हे, याची आठवण तेव्हा ताजी होती. आपले तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन कान-नाक-घशाचे सर्जन. १९ फेब्रुवारी २०२१ ला ते कोरोनावरचं औषध म्हणून पुढे आणलेल्या पतंजलीच्या 'कोरोनिल'च्या कार्यक्रमात मंचावर बसले आणि डॉक्टरांच्याच संघटनेने, आयएमएने, त्यांना जाहीर जाब विचारला. उलट स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर डॉक्टर नव्हत्या, पण दिल्लीचं एम्स त्यांच्या चिकाटीतून उभं राहिलं.

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे टोपेसाहेबांबद्दल मी बरोबर होतो." त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मग त्याने विचारलं, "तुझं ते बिल भरलंस शेवटी?"

म्हटलं, नाही, अजून पत्रव्यवहार चालू आहे. त्याने डॉलरचे रुपये केले असावेत, कारण थोडा वेळ गप्प होता.

"आईला परवा कोरोनाची लस दिली," तो म्हणाला. "सरकारी दवाखान्यात. रांग मोठी होती, पण मांडवाखाली खुर्च्या होत्या. नाव लिहून घेतलं, दंडात सुई मारली, अर्धा तास बसवलं आणि जा म्हणाले. पैशाचं कुणी विचारलंसुद्धा नाही."