‘देवानं घडवलेली जीवजात संपत नाही’ असं बायबल कुठे म्हणतं?

मासेमारीबंदी जवळ आली की किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांमध्ये एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला मालवणहूनही आला, वेंगुर्ल्याहूनही आला आणि मुंबईच्या भाच्यानंही पाठवला. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: जीवजाती नामशेष होतात ही कल्पना आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नाही. देवानं घडवलेली जात माणसाच्या हातून संपूच शकत नाही. जलप्रलयात नोहाच्या तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, त्यानं सगळ्या जाती राखल्या आणि पुन्हा तसा नाश करणार नाही असं वचन दिलं. समुद्रातल्या माशांवर त्यानं माणसाला सत्ता दिली आहे. चिमणीचीसुद्धा तो काळजी घेतो. आणि पृथ्वी शेवटी आगीत जाणारच आहे, तेव्हा कासवं, गिधाडं, माशांची पिल्लं यांची चिंता करत बसणं म्हणजे विश्वास कमी असल्याची खूण.

हे शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. ज्या शास्त्राच्या नावानं हे सांगितलं जातंय, ते शास्त्र बरोबर उलट बोलतं.

एवढं खरं, की आज जीवशास्त्र ज्याला नामशेष होणं म्हणतं ती संकल्पना शास्त्रलेखकांपुढे नव्हती. एखादी जात कायमची संपली असं सांगणारं वचन बायबलमध्ये सापडणार नाही. पण म्हणून ‘जात संपत नाही’ असं सांगणारं वचनही त्यात नाही. सृष्टी ही अखंड साखळी आहे, तिची एकही कडी गळणं शक्य नाही, हा विचार ग्रीक तत्त्वज्ञांच्या वाटेनं युरोपात रुजला. तो इतका खोल गेला होता की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यासारखे माणूस मॅमथ हा हत्तीसारखा प्राणी अजून कुठेतरी जिवंत असणार असं मानत होते. १७९६ साली पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए यांनी मॅमथची हाडं आजच्या हत्तींच्या हाडांशेजारी ठेवून दाखवलं की हा प्राणी वेगळा होता आणि आता उरलेला नाही. कुव्हिए स्वतः प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. म्हणजे श्रद्धेच्या नावावर जे खपवलं जातंय, त्याचं मूळ बायबलमध्ये नाहीच.

आता ‘माणसाच्या हातून संपूच शकत नाही’ याकडे वळू. घरातलं बायबल काढा आणि ईयोबाचा ३९वा अध्याय उघडा. दुःखानं पिचलेल्या ईयोबाला देव एकामागून एक जनावरं दाखवतो. कुणाच्या दावणीला न बांधलेलं रानगाढव. नांगराला जुंपता न येणारा रानबैल. अंडी वाळूत सोडून घोड्याला मागे टाकत धावणारं शहामृग. देव त्यांचं वर्णन ज्या कौतुकानं करतो ते मुद्दाम मोठ्यानं वाचून पाहा. या तिघांपैकी एकही जनावर माणसाच्या उपयोगाचं म्हणून सांगितलेलं नाही.

या तिघांचं पुढे काय झालं? त्या रानबैलाची ओळख बहुतेक अभ्यासक ज्या ऑरॉक्स जातीशी जोडतात, तिची शेवटची गाय १६२७ साली पोलंडच्या जंगलात मेली. सिरियाच्या वाळवंटातलं रानगाढव शिकारीनं संपलं. त्याचं अखेरचं ज्ञात जनावर १९२७ साली व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. अरबस्तानातलं शहामृग विसाव्या शतकात बंदुका आणि मोटारींपुढे टिकलं नाही. एकाच अध्यायातले, देवानं आपल्या तोंडानं वर्णन केलेले तीन प्राणी आज त्या भूमीवर त्या रूपात नाहीत, आणि माणसाचा हात तिन्ही ठिकाणी आहे. यापुढे ‘संपूच शकत नाही’ कसं म्हणायचं?

त्याच अध्यायाच्या शेवटी उंच कड्यावर घरटं करणारा, जिथे मढं असेल तिथे हजर होणारा पक्षी येतो. हे वर्णन आपल्याकडे गिधाडालाच लागू पडेल. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरातून ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी करायचं. कारण सापडल्यावर २००६ साली त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी सांभाळली. त्यांच्या धडपडीला कमी विश्वास म्हणायचं धाडस मला तरी होणार नाही.

नोहाचा दाखला तर मजकूर लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतो. जात बुडणं शक्यच नसेल तर तारू बांधायचं कशाला? पृथ्वीवर त्यांचं बीज जिवंत राहावं म्हणून जोड्या आत घे, असं बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ७व्या अध्यायात, कारणच दिलंय. बीज जाऊ शकतं, म्हणूनच राखायचं. आणि ९व्या अध्यायातलं वचन नीट वाचा. जलप्रलयानं पुन्हा सर्व देहधारी नष्ट करणार नाही, असं देव स्वतःला बांधून घेतो. माणूस नष्ट करू शकणार नाही, असं तो कुठेच म्हणत नाही. शिवाय तो करार एकट्या नोहाशी नाही. पक्षी, गुरं, रानातली जनावरं, तारवातून बाहेर आलेला प्रत्येक जीव त्यात वाटेकरी आहे, आणि हे त्या अध्यायात पुन्हापुन्हा सांगितलंय.

यापेक्षा कडक बोलतो तो संदेष्टा होशेय. ४थ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो देशातलं खोटं बोलणं, चोऱ्या, रक्तपात मोजतो आणि म्हणतो की म्हणूनच भूमी शोक करते, रानातले पशू नि आकाशातले पक्षी नाहीसे होतात, समुद्रातले मासेसुद्धा. जलप्रलयात मेले ते कोरड्या जमिनीवरचे जीव. माशांचा उल्लेख तिथे नव्हता. होशेय त्यांनाही धरतो. यिर्मया हा संदेष्टाही आपल्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात पशुपक्षी नाहीसे होण्याचं खापर रहिवाशांच्या दुष्टपणावर फोडतो. दोघांचं दुःख खरं आहे, आणि बोट माणसाकडे आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, विचारा, करवतीच्या पात्यासारखी सोंड असलेला मासा शेवटचा कधी पाहिला. ती दातेरी सोंड जाळ्यात अडकली की सुटत नाही. आज ती जात जगभर नाहीशी होण्याच्या काठावर आहे.

माशांवर सत्ता दिली हे खरं. उत्पत्ती १:२८ मध्ये तसं आहे. पण त्याच्या सहा वचनं आधी, १:२२ मध्ये, देव माशांना आशीर्वाद देतो की वाढा आणि समुद्राचं पाणी भरून टाका. माणसाला सत्ता मिळाली ती हा आशीर्वाद आधीच मिळालेल्या जिवांवर. नंतरची सत्ता वापरून आधीचा आशीर्वाद पुसण्याचा हक्क कुठून आला? ही सत्ता कशी चालवायची तेही बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आहे. वाटेत घरटं दिसलं आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असेल, तर दोन्ही घ्यायची नाहीत. आईला सोडून द्यायचं. खायला मनाई नाही, वंश खुडायला आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी करतात, अर्ध्या वाटीसारखी, ओल्या कातळाला चिकटलेली. परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून ती खरवडून चोरली जायची. घरटं गेलं की अंडी खाली, आणि पाकोळी पुन्हा पहिल्यापासून लाळ गाळत बसणार. अनुवादातली ती दोन वचनं आणि ही गुहा यांच्यात मला तरी अंतर दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै बोटी ओढून ठेवायच्या त्याही याच न्यायानं: अंडी सोडणारी मादी त्या दिवसांत धरायची नाही.

चिमणीचं वचन मत्तयाच्या १०व्या अध्यायात आहे. पित्याच्या नकळत एकही चिमणी जमिनीवर पडत नाही, असं येशू म्हणतो. ती पडत नाही असं तो म्हणत नाही. ती पडते आणि पित्याला ते कळतं. पाडणाऱ्यानं यात स्वतःसाठी दिलासा शोधू नये.

राहिला आगीचा मुद्दा. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा ३रा अध्याय खरोखरच आगीबद्दल बोलतो, पण त्याआधी तो जलप्रलयाची आठवण देतो: तेव्हाचं जग पाण्यानं बुडून नाश पावलं. तरी नोहा उतरला तो याच पृथ्वीवर, आणि सोबत जनावरं घेऊन. प्रेषित पौलही रोमकरांना लिहिताना सृष्टी कण्हत सुटकेची वाट पाहते आहे असं म्हणतो; ती टाकून देण्याची वस्तू आहे असं नाही. आणि शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं प्रकटीकरण ११:१८ सुद्धा त्या मजकुरात घालायला हवं होतं. न्यायाच्या वेळी ज्यांचा नाश होईल असं तिथे म्हटलंय, ते पृथ्वीचा नाश करणारे आहेत.